पांढरीचा पहारा : घरफोडी, जागल आणि उत्तरदायित्व

मराठीत नित्य वापरले जाणारे कित्येक शब्द मूळचे दाराचे, वेशीचे आणि रात्रीच्या पहाऱ्याचे आहेत. एखाद्या कार्यात ‘अडसर’ आला असे आपण म्हणतो. अडसर म्हणजे मुळात रात्री दार आतून पक्के करण्यासाठी त्याच्यामागे आडवे घालावयाचे लाकूड. एखाद्या गोष्टीचा ‘मागमूस’ उरला नाही, यातील माग हा पळून गेलेल्या चोराच्या किंवा नेलेल्या जनावराच्या पावलांचा माग होय. घरातील भांडण ‘वेशीवर’ टांगले जाते, ती वेस गावाच्या तटातील दरवाजाची. आणि आज ज्याचे त्याचे ‘पेव’ फुटते, ते पेव म्हणजे धान्य साठविण्याचे जमिनीखालील कोठार. वस्तू व्यवहारातून गेल्या, शब्द मात्र लाक्षणिक अर्थाने मागे राहिले. अशा शब्दांचा मागोवा घेतला असता त्यांच्या पाठीशी असलेली एक संपूर्ण व्यवस्था दृष्टीस पडते.

रात्री घरात शिरणाऱ्या परक्यापासून घराचे, वित्ताचे व जीविताचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न प्रत्येक समाजाला सोडवावा लागतो. पेशवाईच्या अखेरीस दख्खनच्या पठारावरील गावांनी तो कसा सोडविला होता, एकोणिसाव्या शतकात त्या व्यवस्थेचे काय झाले, आणि तिच्यातील कोणता भाग आजही विचारात घेण्याजोगा आहे, याचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. कोकणातील वाड्या विखुरलेल्या असतात व तेथे तटबंदीचे गाव सहसा आढळत नाही. म्हणून येथील विवेचन देशावरील गावांपुरतेच मर्यादित आहे.

(१)

देशावरील खेड्याचे दोन भाग मानले जात : पिकाची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. पांढरीच्या भोवती मातीची किंवा दगडमातीची भिंत असे. ही गावकूस होय. कुसात वेस, आणि रात्री वेशीचा दरवाजा बंद होत असे. सधन पाटील-देशमुखांची गढी याच पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची व बुरुजांची असे. गावावर धाड आली म्हणजे लोक गुरेढोरे घेऊन तिच्या आश्रयास जात. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पेंढाऱ्यांच्या धाडींनी दख्खन हैराण झाले होते. १८१७-१८ साली पेंढाऱ्यांचा बीमोड होईपर्यंत या भिंतींची उपयुक्तता रोजच्या अनुभवाची होती.

वाड्याच्या रचनेतही हीच सावधगिरी दिसते. रस्त्याकडील भिंत खालच्या मजल्यावर बहुधा बंद. उजेड व वारा आतील चौकातून घ्यावयाचा. मुख्य दरवाजा जाड लाकडाचा, लोखंडी खिळ्यांनी जडविलेला, आणि त्याच्या एका फळीत लहानशी दिंडी. दिंडीतून येणाऱ्यास वाकून आत यावे लागे, म्हणजे एका वेळी एकच मनुष्य, तोही मान खाली घालून. दाराच्या आत देवडी, आणि देवडीवर बसलेला पहारेकरी. मौल्यवान वस्तू तळघरात, धान्य पेवात. दरोडेखोर आत आलाच तरी त्याच्या हाती लवकर काही लागू नये, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे.

येथे शब्दसंग्रहाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय आहे. राज्यसत्तेच्या बाजूने चालणाऱ्या बंदोबस्ताचे शब्द पुष्कळ अंशी फार्सीच्या द्वारे आलेले आहेत. ‘बंदोबस्त’ हा स्वतः एक, आणि ‘गस्त’ हा दुसरा. गावाच्या पातळीवरील शब्द मात्र बहुतांशी देशी आहेत : कूस, वेस, वेसकर, जागल्या, माग. ‘पहारा’ हा संस्कृत प्रहराचा वंशज आहे आणि ‘आगळ’ अर्गलेचा. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’पासून वर्णविपर्ययाने आला आहे. केवळ शब्द परका म्हणून वस्तूही परकी, असे अनुमान काढणे धोक्याचे असते, आणि कुलपाच्या बाबतीत तर ते काढूच नये. तथापि दोन शब्दसमूहांतील हा भेद आकस्मिक वाटत नाही. राजवटी बदलल्या, कोतवाल व फौजदार आले आणि गेले. रात्री गावाच्या वेशीवर जागणारा मनुष्य मात्र राजवटीचा नोकर नसून गावाचा वतनदार होता. त्याचे नाव त्याच्या कामावरूनच पडले : जो जागतो तो जागल्या.

(२)

या व्यवस्थेचे सर्वांत उपयुक्त वर्णन तिच्या अंताच्या वेळी लिहिले गेले. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली गव्हर्नर जनरलास जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या पोलिसी व्यवस्थेची माहिती आहे. गावाच्या शांततेची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली गावचा पहारेकरी. खानदेशात हे काम बहुधा भिल्लांकडे, पुणे-सातारा भागात रामोश्यांकडे, आणि इतरत्र महार, मांग किंवा कोळी यांच्याकडे असे. पहारेकऱ्याची कर्तव्ये कोणती? रात्री जागणे, गावात कोण आले व कोण गेले याची माहिती ठेवणे, परक्या मनुष्यावर लक्ष ठेवणे, संशयास्पद वाटेल त्याची वर्दी पाटलास देणे, आणि गावातील प्रत्येक माणसाचे चालचलन जाणून असणे. या यादीत शस्त्र चालविण्याचा उल्लेख प्राधान्याने येत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पहारेकऱ्याचे मुख्य साधन माणसांची ओळख हे होते.

चोरी झालीच तर पहारेकऱ्याने माग काढावयाचा. माग गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पुढील गावच्या पहारेकऱ्यास दाखविला, म्हणजे त्याच्यावरील जबाबदारी त्या दुसऱ्या गावाकडे जाई. माग ज्या गावात थांबला त्या गावाने चोर किंवा माल हजर करावयाचा. ते न साधल्यास पहारेकऱ्याने ऐपतीप्रमाणे भरपाई करावयाची आणि उरलेली रक्कम गावावर बसवावयाची. ही भरपाई पूर्णपणे वसूल करणे अन्यायाचे होते, कारण गावास चोरी टाळता येईलच किंवा नुकसान सोसता येईलच असे नसे, असे एल्फिन्स्टननेच नमूद केले आहे. आणि प्रत्यक्षातही ती क्वचितच पूर्ण वसूल होई. परंतु काही ना काही दंड बसत असे, आणि हयगय किंवा चोरांशी संगनमत उघड झाले तर पाटलाचे अथवा पहारेकऱ्याचे इनाम काढून त्याच्या जवळच्या नातलगास देण्यापर्यंत मजल जात असे.

ही कल्पना पेशवाईत जन्मलेली नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात चोरी किंवा वध गावाच्या हद्दीत झाला आणि माग बाहेर गेल्याचे दिसले नाही, तर दोष ग्रामाधिपतीकडे येतो, असा नियम आहे. चोरीस गेलेले द्रव्य राजाने प्रजेस परत मिळवून द्यावे, असेही स्मृतिकार सांगतात. स्मृतीतील नियम आणि अठराव्या शतकातील गावरहाटी यांच्यात अखंड परंपरा होती असे सिद्ध करणे कठीण आहे. दोहोंतील तत्त्व मात्र एकच आहे. जो रक्षणाचा मोबदला घेतो, तो रक्षणात कसूर झाल्यास नुकसानीचा धनी होतो. पाटलास वतन होते, जागल्यास बलुते होते, राजास कर होता. म्हणून तिघांवरही उत्तरदायित्व होते. घराच्या दारामागील अडसर ही या साखळीतील शेवटची कडी होय. ती घालावयाची वेळ येण्यापूर्वी वेस, जागल्या आणि शेजार अशा तीन पायऱ्या परक्याला ओलांडाव्या लागत.

(३)

या व्यवस्थेचे चित्र एवढ्यावरच थांबविले तर ते खोटे ठरेल. जो गावाचे रक्षण करीत होता तो स्वतः कोठे राहत होता, हा प्रश्न विचारणे अवश्य आहे. वेसकर वेशीचा दरवाजा लावी, आणि त्याचे स्वतःचे घर त्या दरवाजाच्या बाहेर असे. महारवाडा, मांगवाडा व रामोश्यांची वस्ती कुसाबाहेर. धाड आली तर तिचा पहिला आघात ज्या झोपड्यांवर पडावयाचा, त्याच झोपड्यांतील माणसांनी आतील वाड्यांसाठी जागावयाचे, अशी ही वाटणी होती. ‘गावकुसाबाहेरचा’ हा शब्द मराठीत सामाजिक बहिष्काराचा वाचक झाला, तो याच भिंतीमुळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या हक्कांचे व कामांचे तपशीलवार वर्णन आहे. ते वाचताना कामांची यादी किती लांब आणि मोबदला किती अनिश्चित, हे सहज कळून येते.

रामोश्यांची स्थिती आणखी चमत्कारिक होती. पहारा त्यांच्याकडे आणि चोरीचा पहिला संशयही त्यांच्यावरच. गावचा रामोशी राखणीस असला की बाहेरचा रामोशी त्या गावास हात लावीत नाही, अशी समजूत सर्वत्र होती. ही समजूत पुढे इंग्रजांच्या बंगल्यांतही गेली. पुण्याकडील छावणीत रामोशी रखवालदार ठेवणे हा जवळजवळ खंडणीचाच प्रकार समजला जाई. त्यांच्या नावाची एक व्युत्पत्ती ‘रामवंशी’ अशी सांगतात, दुसरी ‘रानवासी’ अशी. एकीत प्रतिष्ठेचा दावा आहे, दुसरीत समाजाने दिलेली जागा. भाषाशास्त्रीय निर्णय काहीही होवो, या दोन व्युत्पत्ती शेजारी शेजारी नांदतात यातच त्या समाजाची अवस्था व्यक्त झाली आहे.

शहरातील पहाऱ्याचा दोष याहून निराळा होता. पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर फिरण्यास मनाई असे व कोतवालाचे शिपाई फिरणाऱ्यास अटकाव करीत. १७९१ च्या ऑगस्टमध्ये घाशीराम कोतवालाच्या अमलात काही तेलंगी ब्राह्मणांस पकडून अपुऱ्या जागेत कोंडण्यात आले आणि त्यांतील अनेकजण गुदमरून मेले. त्याचा परिणाम म्हणून संतप्त लोकांनी घाशीरामास दगडांनी ठेचून मारले. गावचा जागल्या परक्यास पाहून पाटलास वर्दी देई. शहरच्या शिपायाने परका म्हणजे चोर असे गृहीत धरले. वर्दी आणि शिक्षा यांच्यात जे अंतर असावयास पाहिजे ते नाहीसे झाले, की चोरांपासून रक्षण करणारी यंत्रणाच निरपराध्यांस घातक होते, हे या प्रसंगावरून दिसते.

(४)

१८१८ नंतर ही व्यवस्था एकाएकी मोडली नाही. तिचे भाग एक एक करून सुटे झाले. पुरंदरच्या परिसरातील रामोश्यांचे पूर्वापार हक्क बुडाले, आणि त्या असंतोषातून उमाजी नाइकाचे बंड उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यास पुण्यात फाशी देण्यात आले. पुढच्याच वर्षी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशचा रामोश्यांवरील इंग्रजी ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. ज्या समाजाची राखण बुडाली, त्याचा अभ्यास गुन्हेगार म्हणून आरंभ झाला, असे म्हणावयास हरकत नाही. खानदेशात आउट्रमने १८२५ साली भिल्लांची पलटण उभारून निराळा मार्ग काढला. परंतु तेथेही गावचा भिल्ल गावास उत्तरदायी न राहता सरकारास उत्तरदायी झाला.

दुसरा बदल कायद्याचा. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा सादर केला. त्याच्या टिपणात असे प्रतिपादन होते की, या देशातील लोक दरोडेखोरांच्या टोळ्यांचा उपद्रव निमूटपणे सोसतात. म्हणून स्वसंरक्षणाच्या हक्कावर निर्बंध वाढविण्यापेक्षा लोकांमध्ये प्रतिकाराची वृत्ती जागविणे अधिक इष्ट आहे. १८६० साली संमत होऊन १८६२ च्या आरंभी अमलात आलेल्या दंडसंहितेत कलम ९६ ते १०६ ही खाजगी संरक्षणाच्या हक्काची आली. कलम १०३ अन्वये जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घरास आग लावणे, आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशा परिस्थितीतील गृहप्रवेश यांचा प्रतिकार करताना आक्रमकाचा मृत्यू घडविण्यापर्यंत हा हक्क जातो. मात्र कलम ९९ ने त्यास मर्यादा घातल्या : संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करावयाची नाही, आणि सरकारी अधिकाऱ्यांचे साहाय्य मागण्यास अवसर असेल तर हा हक्क नाही.

प्राचीन धर्मशास्त्रातील आततायीच्या चर्चेशी या कलमांची तुलना उद्बोधक ठरते. आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारून येणारा, धन, क्षेत्र किंवा स्त्री हरण करणारा असे सहा आततायी सांगितले आहेत. त्यांचा प्रतिकार कोठवर करावा याविषयी टीकाकारांत सूक्ष्म वाद आहे. याज्ञवल्क्यावरील विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’तही तो येतो. पुढे मराठीत या शब्दाचा अर्थ सरकला. आज आततायी म्हणजे अविचाराने टोकाचे कृत्य करणारा. पूर्वी ज्याचा प्रतिकार करावयाचा त्याचे हे नाव होते. आता ते पुष्कळदा प्रतिकाराचा अतिरेक करणाऱ्यासही लागू पडते. स्वसंरक्षण आणि अत्याचार यांच्यातील सीमारेषा किती अरुंद आहे, याची साक्ष या एका शब्दाच्या इतिहासात मिळते.

हक्क दिला गेला, परंतु साधन काढून घेतले गेले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला, आणि युरोपीय लोकांस त्यातून वगळल्यामुळे तो कायदा अपमानास्पदही वाटला. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव झाला. तत्पूर्वीच १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील व गावचे पहारेकरी सरकारी चौकटीत बसविले होते. जागल्या राहिला, पण चोरीच्या भरपाईचे जुने तत्त्व या नव्या चौकटीचा पाया राहिले नाही. आता घरफोडी झाली तर तक्रार नोंदली जाई, तपास होई. गेलेल्या मालाचा धनी मात्र कोणीच नसे. याच सुमारास गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १८७१ साली तो उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर झाली. जन्मावरून मनुष्य चोर ठरू लागला. जागल्याचे काम प्रत्येक माणसाचे चालचलन जाणणे हे होते. या कायद्याने चालचलन जाणण्याची गरजच उरू दिली नाही.

(५)

स्वातंत्र्योत्तर काळात या इतिहासातील काही अन्याय दूर झाले. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आहे. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५९ साली अमलात आला. कुसाबाहेर राहून कुसाच्या आतील लोकांसाठी जागण्याची वंशपरंपरागत सक्ती संपली. तिच्याविषयी हळहळ वाटण्याचे काही कारण नाही. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटलाचे पद नव्या पायावर आणले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली असून तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क जवळजवळ पूर्वीच्याच स्वरूपात आहे. ‘रात्रीची घरफोडी’ या शब्दांऐवजी आता सूर्यास्तानंतरची व सूर्योदयापूर्वीची घरफोडी असा उल्लेख आहे. रात्रीची ही व्याख्या जुन्या संहितेतही गृहीत होती.

सक्तीचा पहारा गेला, हे योग्य झाले. पण त्याबरोबर ओळख ठेवण्याचे कामही बेवारस झाले, आणि याचे परिणाम अलीकडच्या दोन घटनांत दिसून आले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारी आलेल्या, भिक्षा मागून निर्वाह करणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांस मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे रस्त्याने जाणारे दोन साधू व त्यांचा वाहनचालक चोरांच्या अफवेतून मारले गेले. दोन्ही ठिकाणी लोक ‘सावध’ होते. चोरापासून गावाचे रक्षण करण्याची त्यांची तयारी होती, संख्याबळ होते, आणि हातात जे सापडेल ते शस्त्रही होते. समोरचा परका कोण आहे हे जाणून घेणारा, त्याची वर्दी देणारा व चूक झाल्यास तिचे उत्तर देणारा मनुष्य मात्र तेथे कोणी नव्हता. कायद्याने दिलेला स्वसंरक्षणाचा हक्क अशा कृत्यांस लागू होत नाही, हे वर दिलेल्या मर्यादांवरून उघड आहे. कारण येथे घरात शिरणारा कोणीही नव्हता.

पेशवाईच्या अखेरीच्या त्या गावाकडून आज घेण्याजोगे काय आहे, याचे उत्तर यातून मिळते. त्याची भिंत आपल्यास नको, आणि त्या भिंतीने केलेली माणसांची वाटणी तर नकोच. परंतु घराचे रक्षण दारामागील अडसरापासून सुरू होत नाही, ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओळखीपासून सुरू होते. आणि ज्याच्याकडे रक्षणाचे काम आहे त्याने कसुरीचे उत्तरही द्यावे, ही दोन तत्त्वे त्या व्यवस्थेला ठाऊक होती. नागरी वसाहतींत रखवालदार, वही आणि विद्युत् उपकरणे आली आहेत. त्या रखवालदारास तेथे राहणाऱ्यांची नावे ठाऊक असतात. राहणाऱ्यांपैकी कितीजणांस त्याचे नाव ठाऊक असते, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावा.

शेवटी आपल्या विषयाच्या अभ्यासकांसाठी एक सूचना. कुसाच्या आतील शब्द, म्हणजे दिंडी, देवडी, आगळ, अडसर, कोशकारांनी जपले आहेत, कारण कोशकारांस माहिती देणारे बहुधा कुसाच्या आत राहणारे होते. जो बाहेर जागत होता, त्याची माग काढण्याची परिभाषा, रात्रीच्या हाका व खुणांची नावे यांचा पद्धतशीर संग्रह होणे अगत्याचे आहे. ज्या कुटुंबांत जागल होती, त्यांतील वृद्ध मंडळी विद्यमान आहेत तोवरच हे कार्य शक्य आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील दोन-चार गावे निवडून ते हाती घेतले, तर या इतिहासाची जी बाजू आजवर केवळ सरकारी अहवालांतून वाचावी लागली, ती त्या माणसांच्या स्वतःच्या शब्दांत नोंदली जाईल.